चपला लपवणारं घर

आमच्या घरातून कुणी पाहुणा ठरल्या वेळी निघाला, असं मला आठवत नाही. आई चपला लपवायची. निघायची भाषा सुरू झाली की ती चहाचं निमित्त करून उठायची आणि दारातला एक जोड नाहीसा व्हायचा. कधी कोठीच्या मागे, कधी कोंबड्यांच्या डालग्याखाली. एकदा माझ्या मामेसासऱ्यांच्या नव्याकोऱ्या वहाणा तिनं रिकाम्या हंड्यात टाकल्या आणि वर झाकण ठेवलं. ते बिचारे अंगणात अनवाणी फिरताहेत आणि ही पदर तोंडाला लावून हसतेय.

"आता कशाचं निघताय पावणं? जेवल्याबिगर सोडायचीच न्हाई मी."

एसटी चुकायची, माणूस राहायचा, रात्री भाकरी-कालवण व्हायचं. निमगाव साव्यात आमच्या वस्तीवर सगळ्यांना हे माहीत होतं. शहाणी माणसं चपला हातात घेऊनच घरात यायची.

तिची दुसरी एक खोड होती. निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं आणि राहणाऱ्यानं 'या' म्हणायचं, हे सगळ्या मुलखात आहे. आईनं ते फारच ताणलं होतं. 'जा' हा शब्द ती कुणालाच म्हणत नसे. शेळीला हाकलतानासुद्धा 'चल गं बाई तिकडं' म्हणायची. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं. विहारात बसून वडील तिला चिडवायचे, की अगं, एवढं सगळं सोडलं, आता 'जा' म्हणायला काय हरकत आहे. ती म्हणायची, "देवाचं देवापाशी. जा म्हनलेलं मानूस जातं."

मी लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला आले. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि ब्लाउज शिवू लागले. माप द्यायला आलेल्या बायका चौकश्या करायच्या. "भाऊ काय करतो तुमचा?" मी सांगायचे, पुण्याला असतो. "कंपनीत का?" नाही, म्हटलं, सरकारी आहे. खोटं नव्हतं. राहणं, खाणं, कपडे, सगळं सरकारीच होतं. माझा थोरला भाऊ पुण्याच्या जेलात जन्मठेप भोगत होता.

काय झालं ते थोडक्यात सांगते. आमची आणि चुलत्यांची विहीर एक, मोटर एक. लाइट यायची तेवढ्याच वेळात दोघांचं रान भिजायचं. एका उन्हाळ्यात माझा भाऊ आणि चुलतभाऊ पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडले. भावाच्या हातात फावडं होतं. चुलतभाऊ नारायणगावच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. भाऊ त्याच्याशेजारी बसून राहिला, पळाला नाही. त्याचं तेव्हा लग्न ठरायचं चाललं होतं. चुलतभावाची बायको माझ्याच वयाची. तिची आणि आमची भिंत एक. त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं राहत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुढं दोन वर्षांत वडीलही गेले.

आई एकटी राहिली. तिचा दिवस एकाच गोष्टीवर चालायचा: तो एकदा घरी यायला पाहिजे. सुटून नको, ते तिला कळत होतं. एकदा, थोडे दिवस, याच घरात.

तशी सोय असते. शिक्षेतली काही वर्षं नीट काढली की कैद्याला वर्षातून दोनेक आठवडे घरी सोडतात. कागदावर त्याला संचित रजा म्हणतात, जेलात फर्लो. पॅरोल वेगळा, तो आजारपणाला किंवा मरणाला, आणि पोलिसांचा अहवाल त्यालाही लागतो. आमच्या वस्तीवर दोन्हींना पॅरोलच म्हणत. भावाची वागणूक चांगली होती, तो जेलात सुतारकाम शिकला होता. त्यानं अर्ज केला. त्या अर्जावर गावात पोलीस चौकशी होते. हा माणूस आला तर कुणाला धोका आहे का, तो परत जाईल का, असं चार लोकांना विचारतात आणि अहवाल वर पाठवतात.

हवालदार येऊन गेल्यावर आठवड्यानं मी माहेरी गेले. आई खुशीत होती. "सायब आलते. लई गोड माणूस. दोन येळा चहा पिला. मी समदं सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"आईनं काय सांगायचं असतं? त्येच."

शेजारच्या वहिनीकडेही, म्हणजे चुलतभावाच्या बायकोकडेही, तो बराच वेळ बसला होता, असंही तिनं सांगितलं.

दोन महिन्यांनी भावाला उत्तर मिळालं. पोलीस अहवाल प्रतिकूल, अर्ज नामंजूर. एवढंच. कोण काय बोललं, कशामुळं प्रतिकूल, काही नाही. मुलाखतीच्या जाळीपलीकडून भाऊ मला विचारतो, "कोण बोललं गं माझ्या विरुद्ध?" आणि मी त्याला काय सांगणार?

मी ठाण्यावर गेले. मला राग लवकर येतो, हे नवऱ्याला माहीत असल्यामुळं तो सोबत आला. तिथले साहेब सभ्य होते. "गोपनीय असतं ताई. सांगता येत नाही."

"माझ्या भावाबद्दल लिहिलंय ना? मग त्याच्यापासूनच गोपनीय कसं?"

"लोक बोलणार नाहीत मग."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, त्यांचंही बरोबर आहे. त्या दिवशी मी त्याच्याशी अवसरीपर्यंत बोलले नाही.

मग आमचं साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं. एका महिन्यात मला खात्री असायची की पोलीस पाटीलच बोलला. पुढच्या महिन्यात दूधवाला, कारण तो हल्ली मान फिरवून जातो. मग धाकटे चुलते, त्यांना विहीर हवी आहे म्हणून. पण फिरून फिरून सगळं त्या भिंतीपलीकडच्या वहिनीवर येऊन थांबायचं. तिचा नवरा गेलेला, तिला बोलायचा हक्क होता, तीच बोलली असणार. आई भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "आपलेच दात आन् आपलेच ओठ!" पलीकडून भांड्याचाही आवाज यायचा नाही.

मशीनवर बसलं तरी माझं मन लागत नसे. कापड न लावताच पाय पायडल मारत राहायचे आणि सुई नुसती वरखाली. दर पंधरा दिवसांनी मंचर, नारायणगाव आणि निमगाव असा एसटीचा फेरा, तोही काही कामाचा नाही. नुसतं जायचं, लोकांची तोंडं बघायची आणि यातला कोण असेल म्हणून परत यायचं. मला वाटतं, ज्याचं नाव कळलं त्याच्यावर माणूस एकदाच चिडतं. नाव कळलं नाही तर सगळ्या गावावर चिडून राहावं लागतं.

पुढच्या वर्षी अर्ज केला. पुन्हा चौकशी, पुन्हा आईचा चहा, पुन्हा प्रतिकूल. असं आणखी एकदा. मधल्या काळात आई गोठ्याजवळ घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काठीवर, तेही घरातल्या घरात. पुण्याला मुलाखतीला जायचं बंद झालं. आता तो आला तरच भेट, नाहीतर नाही.

मी जुन्नरच्या कोर्टात एक वकील गाठले. वयस्कर, सारखे चष्मा पुसणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "वर दाद मागता येते. पण अहवाल चुकीचा आहे असं म्हणायचं, तर अहवालात काय आहे ते माहीत पाहिजे."

"म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवायचा."

"तसंच."

"मग फोडा ना तो अहवाल. कोण बोललं ते बाहेर येऊ द्या."

त्यांनी चष्मा खाली ठेवला. "बाई, तुमचा भाऊ सोडून द्या. समजा, बायकोला जाळायला निघालेला एखादा माणूस आत आहे. तो रजेवर येतोय. शेजारणीनं भीत भीत सांगितलं, याला सोडू नका. तिचं नाव त्याच्या हातात देऊ?"

त्यांचं म्हणणं मला अजिबात आवडलं नाही. परतीच्या गाडीत मी त्यावरच कुढत होते. नारायणगावच्या स्टँडवर उतरल्यावर मला एकदम सुचलं आणि मी तिथल्याच बूथवरून त्यांना फोन लावला. म्हटलं, नाव झाका, पण म्हणणं सांगा. कोण बोललं ते नको, काय बोललं तेवढं सांगा. आम्ही त्याला उत्तर देऊ. उत्तर पटलं नाही तर ठेवा त्याला आत.

पलीकडे त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "एवढंच मागू. त्याहून जास्त मागितलं तर काहीच मिळणार नाही."

मुंबईच्या कोर्टात आमची पाळी यायला आणखी बराच काळ गेला. मी गेले होते. मोठा पंखा, काळे कोट आणि सगळं इंग्रजीत. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना काहीतरी विचारलं. त्यांनी लिफाफ्यातला कागद काढून दिला. न्यायाधीशांनी तो वाचला, परत विचारलं, आणि सरकारी वकिलांनी चारपाच वाक्यं बोलून दाखवली. मला त्यातलं 'मदर' तेवढं कळलं. मला वाटलं, आईच्या आजारपणाचा विचार करताहेत, चांगलंच आहे. पण आमचे वकील मागं वळून माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांचं बघणं चांगलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला बाकावर बसवलं. "पोलीस पाटील, शेजारी, कुणाचीच हरकत नव्हती," ते म्हणाले. "मयताच्या बायकोचीसुद्धा नाही. तिन्ही वेळेला नाही."

"मग?"

"कैदी घरी आल्यास त्यास परत पाठविणार नाही, लपवून ठेवीन, असे त्याच्या आईचे म्हणणे. सबब कैदी मुदतीत हजर होईल याची खात्री देता येत नाही."

मी हसायला लागले. जाणारे-येणारे बघत होते आणि मला थांबता येईना. लपवून ठेवीन! तिनं चपला म्हटलं असणार. चपला लपवीन, सोडायचीच न्हाई मी त्याला. मामेसासऱ्यांना म्हणाली होती तेच. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणते तेच. चहा देताना त्या हवालदारालासुद्धा म्हणाली असेल. तो समजला नसेल असं मी मानत नाही. त्यालाही घरी आई असेल आणि त्याच्याही वहाणा कुणीतरी कधीतरी लपवल्या असतील. पण सरकारी कागदावर चपला कशा लिहिणार? म्हणून त्यानं त्या गाळल्या आणि बाकीचं ठेवलं. पुढच्या वर्षीच्या हवालदारानं मागचं बघून लिहिलं, त्याच्या पुढच्यानं तेच.

हसू थांबल्यावर मला इतका राग आला, की बाकावर बसवेना. पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं, तर अर्धी वस्ती ठाण्यावर नेली असती मी. सगळ्यांनी सांगितलं असतं, की साहेब, ती बाई सगळ्यांनाच असं म्हणते. एका दुपारचं काम होतं. पण खुलासा करायचा तर आरोप आधी ऐकू आला पाहिजे ना! ज्या एका बाईच्या तोंडून भावाच्या विरुद्ध शब्द निघणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तिचंच नाव त्या लिफाफ्यात होतं.

कोर्टानं सांगितलं, चौकशी नव्यानं करा, आणि पुन्हा नाकारायचं झालं तर कारणाचा गाभा कैद्याला कळवा. नावं दिली नाहीत तरी चालेल.

निमगावला गेल्यावर मी आधी भिंतीपलीकडे गेले. वहिनी शेंगा फोडत होती. इतक्या वर्षांनी मला दारात बघून ती उठली नाही, पण पाट सरकवला.

"तू हरकत घेतली नव्हतीस," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "कुनी सांगितलं? माझ्या भावांना कळलं तर मला दारात उभं करणार न्हाईत ते."

"नाही कळणार."

ती पुन्हा शेंगा फोडू लागली. "माफबिफ केलं न्हाई मी त्याला. ते डोक्यातून काढ. पर हवालदार इचारत व्हता, जिवाला भीती हाय का? न्हाई हाय. मग खोटं कशापायी बोलू? इचारलं तेवढंच सांगितलं."

मला तेव्हा वकिलांचा चष्मा आठवला. नाव झाका, म्हणणं सांगा, असं मी फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. पण 'मयताच्या बायकोची हरकत नाही' म्हटलं की नाव झाकलेलं राहतं कुठं? त्या लिफाफ्यानं आमचं वाटोळं केलं होतं आणि हिला सांभाळलंही होतं. मला अजून या दोन्हींचा मेळ घालता आलेला नाही. तिच्या घरातून मी तशीच उठले, 'येते' म्हटलं, आणि तिनं 'ये' म्हटलं.

आता उरली आई. तिला सांगायचं कसं? तुझ्या बोलण्यानं तो इतकी वर्षं आत राहिला, हे त्या काठीवर चालणाऱ्या बाईला कोण सांगणार? मी ठरवलं, नाही सांगायचं. ठाण्यावर, कोर्टात, सगळीकडे सांगा सांगा म्हणून भांडले, आणि घरी येऊन मीच लिफाफा बंद केला. गंमत बघा.

"आई, ह्या वेळी साहेब आले की एवढंच म्हणायचं, दिवस भरले की मी त्याला पाठवीन."

"पाठवीन? म्हंजी जा म्हनू? लेकराला?"

"म्हण."

"का पर?"

"वकिलांनी सांगितलंय."

ती खाटेवर बसून माझ्याकडं बघत राहिली. "मागल्या टायमाला मी काय म्हनले व्हते..." ती आठवू लागली.

"तुझं काही नाही त्यात," मी घाईघाईनं म्हटलं. "त्यांचाच कागद चुकला होता."

ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

नवीन साहेब आले तेव्हा मला बाहेर थांबायला सांगितलं. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. आतून साहेबांचं काही ऐकू येत नव्हतं. आईचं मात्र भिंतीपलीकडेसुद्धा ऐकू गेलं असेल, इतक्या जोरात ती म्हणाली, "दिवस भरले की मी सोता त्याला जा म्हनीन. लिव्हा तसं. जा म्हनीन."

या खेपेला रजा मंजूर झाली. माझा नवरा जामीन राहिला.

भाऊ आला तेव्हा केस पांढरे झालेला. तो उंबऱ्यातच थांबला, कुणी आत ये म्हणेपर्यंत. तेवढे दिवस तो घराबाहेर फारसा पडला नाही. ठाण्यावर हजेरीला जायचा आणि परत यायचा. आईच्या खाटेचा मोडका पाय त्यानं नवा करून बसवला, दाराच्या फळ्या ठोकल्या. पलीकडे वहिनीची चाहूल लागली की हातोडी थांबवायचा. आई त्याच्यासाठी बसल्या बसल्या भाकरी थापायची. तो जेवायचा आणि ती बघायची. मी शिवणकाम बंद ठेवून तिथंच राहिले होते आणि मला एकच धास्ती होती, निघायच्या दिवशी ही काय करेल? काठी टेकत कोठीकडं गेली तर? एसटी चुकली, उशीर झाला, तर पुढचा प्रत्येक अर्ज बुडाला.

निघायच्या सकाळी ती आमच्या आधी उठली होती. मी बाहेर आले तर ती उंबऱ्याशी खाली बसलेली. मोडलेल्या खुब्यानं ती खाली कशी बसली, मला माहीत नाही. भावाच्या चपला तिच्या हातात होत्या. मी म्हणणार होते, आई, नको. पण तिनं त्या पदरानं पुसल्या आणि दारात ठेवल्या, अंगठे बाहेरच्या बाजूला.

भाऊ पिशवी घेऊन आला, वाकून पाया पडला. "येतो आई."

"जा," ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. "असं नाही म्हणत आई. ये म्हणतात."

"सायबाला सांगितलंय मी. जा बाबा. टायमात जा."

तो गेला. वेळेच्या आधी हजर झाला. पुढच्या वर्षी पुन्हा आला, आणि तेव्हाही आईनं तसंच केलं. तिला कुणी सांगितलं, की तिचं तिलाच कळलं, हे मी कधी विचारलं नाही.

पहिल्या वेळेला तो गेल्यावर मी दुपारपर्यंत थांबले, तिला जेवू घातलं, शेजारच्या पोरीला रात्री सोबतीला ये म्हणून सांगितलं. मग पिशवी उचलली आणि सवयीनं कोठीच्या मागं बघितलं. तिथं नव्हत्या. डालगं उचललं, हंड्यात हात घातला.

"काय शोधती?" आई खाटेवरून म्हणाली.

"चपला."

"दारातच हायेत की."